बर्फाची बिलं

बर्फाची बिलं वाढायला लागली तेव्हा कमलाकर गुप्तेला आधी आनंदच झाला. हिशेबातल्या माणसांचं असंच असतं, दुसऱ्याला ज्या कागदात काहीच दिसत नाही त्यात त्यांना स्वतःची हुशारी दिसते. पहिल्या वेळी सहा लाद्या, मग चौदा, मग सव्वीस. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा एक कारखाना होता. एरवी तिथला बर्फ मासळीवाल्यांकडे जायचा, तो आता टेंपोत बसून रसायनांच्या कंपनीत येत होता. कंपनीचा फायनान्स मॅनेजर कमलाकर त्या पावत्यांवर लाल शाईने शेरा मारत होता, 'काटकसरीचा उत्तम नमुना.'

शेरा मारायला त्याला कारणही होतं. चौऱ्याण्णव सालचा मार्च चालू होता आणि कंपनीतली संशोधनाची प्रयोगशाळा अजून उघडी होती, ती त्याच्यामुळे. गेल्या उन्हाळ्यात मालक प्रणितभाई ती बंदच करायला निघाले होते. "तीन वर्षांत त्या लॅबने मला काय दिलं? नुसता वास!" असं ते भर मीटिंगमध्ये म्हणाले आणि सगळे हसले. संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर दमयंती केळुस्कर समोरच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. कमलाकरला ते लागलं. बाहेरून आयात होणारं एक रसायन आपल्याकडेच बनवायचं, असा त्यांचा घाट होता, आणि जग उघडं होत असताना असलं काही हातात नसलेल्या कंपन्या पुढे टिकणार नाहीत हे त्याला आकड्यांतून दिसत होतं. संशोधनाला आजवर उरलंसुरलं मिळायचं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तळाला जे राहील ते.

मग त्याने एक गोष्ट केली, जी फायनान्सची माणसं सहसा करत नाहीत. तो प्रयोगशाळेत जाऊन बसला. सलग आठ दिवस, जेवणानंतर दोन दोन तास, वही घेऊन. काय करता, कशाने अडतं, किती दिवस लागतात, काय फसू शकतं, सगळं विचारलं. दमयंतीबाई आधी तुटक उत्तरं देत होत्या, चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागवला. आठव्या दिवशी योजना तयार झाली. तीन टप्पे. पहिला काचेच्या चंबूत, दुसरा पन्नास लिटरच्या भांड्यात, तिसरा पाचशे लिटरच्या. प्रत्येक टप्प्याला तारीख, आणि आधीचा टप्पा तारखेला पुरा झाला तरच पुढचे पैसे. प्रणितभाईंना तारखा आवडतात हे कमलाकरला ठाऊक होतं. तिसऱ्या टप्प्याची तारीख होती एकतीस मार्च. ती चुकली तर उरलेली रक्कम वर्षाबरोबर संपणार आणि प्रयोगशाळेला कुलूप लागणार, हेही त्यानेच लिहून दिलं होतं. तसं लिहिलं नसतं तर मालकांनी सही केली नसती.

तरी सही अडलीच. "पंधरा लाखांच्या खाली आण," प्रणितभाई म्हणाले. योजना अठरावर गेली होती. कमलाकरने यादीवरून पेन्सिल फिरवली आणि एका ओळीवर थांबला. गार पाणी करणारं यंत्र, तीन लाख ऐंशी हजार. त्याने ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकलं, म्हणजे पुढच्या वर्षाच्या खर्चात. दिवसांनी मोजलं तर फरक जेमतेम आठवड्याचा, पण कागदावर वर्ष वेगळं. आपल्याकडे अर्ध्या कंपन्या मार्चमध्ये हेच करतात आणि त्याला नियोजन म्हणतात.

"याशिवाय भागेल ना, मॅडम?" त्याने विचारलं होतं.

"लहान भांड्याला भागेल," दमयंतीबाई म्हणाल्या. "मोठ्याला बर्फ आणून गार ठेवावं लागेल. जमेल, पण मनासारखं नाही."

त्याने वहीत लिहिलं, 'बर्फ, किरकोळ खर्च.' मनासारखं नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

सव्वीस लाद्यांच्या पावतीवर शेरा मारून झाल्यावर मात्र त्याची लेखणी अडली. भांडं तेच पन्नास लिटरचं. माल तेवढाच. मग बर्फ चौपट कसा? त्याने खात्यातल्या रूपाला विचारलं, तिने खांदे उडवले. "उन्हाळा आहे, सर." उत्तर बरोबरच होतं म्हणा. पण उन्हाळा चार आठवड्यांत चौपट होत नाही. तो उठून मागच्या शेडकडे गेला.

शेडच्या दाराशी दयाराम भोपी बसला होता. जवळच्याच विचुंबे गावचा, पस्तिशीचा, अंगाने दणकट. त्या भांड्यावरचा तोच मुख्य ऑपरेटर. गोणपाटावर बर्फाची लादी ठेवून लाकडी मोगरीने फोडत होता आणि तुकडे पाण्याच्या टाकीत लोटत होता. टाकीतलं गार पाणी पंपाने भांड्याभोवतीच्या कवचातून फिरायचं आणि कोमट होऊन परत यायचं.

"या सायेब," तो हसून म्हणाला. "मासली नाय, नुसता बरफ. घरी बायको इचारते, कंपनीत जाता का दर्यावर जाता?"

"एवढा बर्फ का लागतोय रे दयाराम?"

"भांडा तापट हाय." दयारामने मोगरी बाजूला ठेवली. "पयले मॅडम थेंब थेंब माल सोडाच्या. आता तारखेत बसवाचा म्हनून जरा बिगीबिगी सोडतो. बिगीबिगी सोडला का तापतो. तापला का बरफ. काटा चाळीसच्या खाली राहिला तं गरीब गाय हाय बगा. चाळीसच्या वर गेला तं आमी माल बंद करतो."

"आणि पन्नासच्या वर?"

"मॅडमनी सांगितलाय, पन्नासला मागं बगाचा नाय, पलाचा." तो पुन्हा हसला. "पन तेवरा होत नाय. बरफ हाय ना."

कमलाकरही हसला आणि शेडमध्ये शिरला. आत दमयंतीबाई तापमानाच्या काट्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने पावत्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं.

"गुप्तेसाहेब, वाटीत भात वाढला तर कधी निवतो?"

"लगेच."

"आणि लग्नातल्या पातेल्यातला? वरून गार लागतो. दुपार उलटली तरी मधोमध हात घालवत नाही. पन्नास लिटर ही माझी वाटी आहे. एकोणतीस तारखेला मी पातेलं चढवणार आहे. दहापट माल, पण कडा दहापट होत नाहीत. उष्णता बाहेर पडायला वाट कमी. बर्फाने मी ती कशीबशी ओढून काढीन. एकदा हाताबाहेर गेली तर माल बंद करूनही थांबत नाही, आतल्या आत वाढत जाते." त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही. "मला पंधरा दिवस द्या. यंत्र सहा एप्रिलला येतंय. ते बसवते आणि मग घेते. तारीख तेवढी सरकवा."

किती सरळ मागणी होती ती! कमलाकरला सगळं कळलं, भातासकट कळलं. त्या क्षणी तो वर जाऊन प्रणितभाईंच्या केबिनचं दार ढकलता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्याला मालकांचा चेहरा दिसला. 'तारीख चुकली ना? मग लाव कुलूप.' आठ महिने जपलेली प्रयोगशाळा एका वाक्यात जाईल. दमयंतीबाईंना वाचवायचं तर त्यांचीच मागणी वर नेता कामा नये, असा उफराटा विचार त्याच्या डोक्यात पक्का बसला. चांगल्या मनाने केलेल्या चुका फार चिवट असतात.

"बघतो," तो म्हणाला.

ऑफिसात 'बघतो' म्हणजे काय हे दमयंतीबाईंनाही कळत होतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काट्याकडे तोंड केलं.

केबिनमध्ये परतल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. तोंडाने मागायची हिंमत नव्हती, तेव्हा त्याने आपल्या जातीच्या माणसाचा मार्ग धरला. कागद केला. बर्फाच्या शेवटच्या दोन बिलांवर त्याने लिहिलं, 'किरकोळ खर्चाची मर्यादा ओलांडली. संशोधन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. तोवर रक्कम देऊ नये.' बाई खुलाशात लिहितील की भांडं तापतंय, यंत्राशिवाय धोका आहे. तो कागद हातात धरून आपण मालकांकडे जाऊ. म्हणजे मागणारे आपण नाही, कागद. आपल्या या युक्तीवर तो मनातून खूशही झाला. रूपाने खुलासा मागणारी चिठ्ठी तयार केली, जावक वहीत नोंदली आणि चिठ्ठी निघाली. मध्ये होळीची सुट्टी आली. चिठ्ठी दमयंतीबाईंच्या टेबलावर इतर सतरा कागदांखाली जाऊन पडली. त्या टेबलावर बसतच नव्हत्या, शेडमध्ये बसत होत्या.

एकोणतीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला हिशेबखात्याच्या खिडकीवर आवाज चढला. बर्फाच्या टेंपोचा ड्रायव्हर महादेव उभा होता.

"दोन बिलं अडकवून ठेवलीत," तो रूपाला सांगत होता. "शेट बोललाय, आधीचं पैसं घेतल्याबिगर दुसरी खेप भरू नको. त्याला गिऱ्हाइकांची काय कमी हाय? होलीनंतर होड्या निगतात सगल्या."

कमलाकर केबिनमधून बाहेर आला. "आजचा बर्फ?"

"निम्मा टाकला सकाली. निम्मा पैसं दिल्यावर."

"निम्मा म्हणजे?"

"साठ सांगितलेलं मॅडमनी. तीस दिलं, बाकीचं मागनं येतंय बोललो."

खात्यात पंखा फिरत होता, टाइपरायटर चालू होता, रूपा स्टेपलर शोधत होती. कमलाकरने घड्याळ बघितलं. भांडं नऊला चढलं होतं. त्याला ठाऊक होतं, कारण ती वेळ त्यानेच योजनेत लिहिली होती. त्याने पाकीट काढलं, होतं तेवढं महादेवच्या हातात कोंबलं, रूपाच्या कपाटातली रोकड पावती न करता उचलून दिली. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने हे पहिल्यांदा केलं.

"जा! असेल तेवढा घेऊन ये. धावत जा!"

महादेव त्याच्या तोंडाकडे बघून पळाला. कमलाकर शेडकडे धावला. पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला फायनान्स मॅनेजर भर उन्हात धावताना बघून गेटवरचा पहारेकरी उठून उभा राहिला.

शेडच्या दाराशी गोणपाट रिकामं पडलं होतं. मोगरी आडवी. टाकीतल्या पाण्यात बर्फाचा एक तुकडा नव्हता. आत दमयंतीबाई उभ्या होत्या आणि दयाराम वरच्या माचावर.

"किती?" कमलाकरने विचारलं.

"त्रेचाळीस. माल वीस मिनिटांपूर्वी बंद केलाय." बाईंचा आवाज अगदी सपाट होता. "बर्फ कुठे आहे, साहेब?"

"येतोय. मी पाठवलाय. अर्ध्या तासात येतोय."

त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. अर्धा तास म्हणजे किती, हे त्या दोघांपैकी फक्त त्यांनाच समजत होतं. त्यांनी ताबडतोब शेडमधल्या बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढलं, शेजारचं गोदामसुद्धा रिकामं करवलं. चव्वेचाळीस. सेहेचाळीस. काट्याची एवढी भीती वाटू शकते हे कमलाकरला त्या दिवशी कळलं. भांड्याच्या झाकणापाशी बारीक शीळ वाजायला लागली.

"दयाराम, खाली उतर," बाई ओरडल्या.

"खालचा व्हॉल्व्ह उगडतो मॅडम, पान्यात सोडून देतो समदा," दयाराम माचावरून उतरता उतरता म्हणाला. भांड्याखाली पाण्याचा मोठा हौद होता, तापलेला माल त्यात सोडायची सोय होती. "दोन मिंटं."

"नको! बाहेर ये!"

"इतक्या म्हयन्यांचा काम हाय मॅडम. नायतं समदा भांडा उडल." आणि तो भांड्याखाली वाकला. व्हॉल्व्हचं चाक घट्ट बसलं होतं. त्याने दाराशी पडलेली मोगरी उचलून आणली आणि चाकावर ठोके घालायला लागला. ठोके बाहेरपर्यंत ऐकू येत होते. बाईंनी कमलाकरचा दंड धरून त्याला ओढत मैदानापलीकडे नेलं. ठोके मोजत तो उभा राहिला. नऊ. दहा. अकरा.

बाराव्याच्या जागी भलताच आवाज झाला आणि शेडचं छप्पर उचललं गेलं. पिवळा धूर कर्नाळ्याच्या बाजूला सरकत गेला. पत्रे खाली पडायचे थांबले तेव्हा बर्फाचा टेंपो गेटातून आत वळत होता. महादेवने सांगितल्यापेक्षा लवकर आणला होता.

चौकशी झाली. सरकारी माणूस तीन दिवस बसून सगळी कागदपत्रं वाचून गेला. कमलाकरची योजना त्याला फार आवडली. टप्पे होते, तारखा होत्या, सह्या होत्या. आणि मुख्य म्हणजे ती चिठ्ठी होती. जादा बर्फाचा लेखी खुलासा हिशेबखात्याने अपघाताच्या आधी मागितला होता आणि संशोधन विभागाने तो दिला नव्हता. दमयंतीबाईंना घरी बसवलं. 'मी पंधरा दिवस मागितले होते,' असं त्या चौकशीत म्हणाल्या, पण कागद दाखवा म्हटल्यावर त्यांच्याकडे कागद नव्हता. कमलाकर समोरच्या खुर्चीवर होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारता बोलायला जे लागतं ते त्याच्यापाशी कधीच नव्हतं. बाई जाताना त्याच्याकडे पाहतील म्हणून तो घाबरला होता. त्यांनी पाहिलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुझ्या चिठ्ठीने कंपनी वाचली," प्रणितभाईंनी त्याचा खांदा थोपटला. "पुढच्या वर्षाचं संशोधनाचं नियोजन तूच बघ."

सहा एप्रिलला, ठरल्या तारखेला, यंत्र आलं. उतरवायला शेड उरली नव्हती, म्हणून ते गेटाजवळ ताडपत्रीखाली ठेवलं.

आणि आठवड्याने कमलाकरला विचुंब्याला जावं लागलं, दयारामच्या घरी. बरोबर चेक आणि सही घ्यायचा कागद. प्रणितभाई म्हणाले होते, तू बोललास की लोक ऐकतात. घर कौलारू होतं, पुढे माडाच्या झावळ्यांचा झाप घातलेला. दयारामचा बाप काशिराम भिंतीला टेकून बसला होता. दयारामची बायको प्रमिला पाण्याचा तांब्या ठेवून समोर खाली बसली. रडून झालेलं दिसत होतं. कमलाकरने कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं, चेकची रक्कम सांगितली.

"सायेब, एक इचारू?" शेवटी ती म्हणाली. "लोक बोलतात, कंचातरी यंत्र नव्हता. ता असता तं हे झाला नसता. खरा हाय का?"

खोटं बोलायची त्याची पूर्ण तयारी होती. घरून निघताना वाक्यंसुद्धा जुळवली होती. तिच्या तोंडाकडे बघून ती एकही आठवली नाहीत.

"खरं आहे," तो म्हणाला.

"मंग का नव्हता?"

"पुढच्या वर्षात घ्यायचं ठरलं होतं. पैसे या वर्षात बसत नव्हते. आठवड्याचाच प्रश्न होता."

"कितीचा होता?"

"तीन लाख ऐंशी हजार."

प्रमिलाने सासऱ्याकडे मान वळवली. "बाबा, सरकारनी घेतलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला आला त्यो किती हाय बँकेत?"

"साडेचार लाख," म्हातारा म्हणाला. "घर बांधाचा म्हनून ठेवलाय."

प्रमिला पुन्हा कमलाकरकडे वळली. रागाने बोलली असती तर कमलाकरने ऐकून घेतलं असतं, त्यासाठीच तो मान खाली घालून बसला होता. पण तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारणीने उसनं मागायला लाजून सण तसाच काढला असं कळल्यावर बाई जशी बोलते, तशी ती बोलली.

"मंग तुमी आमाला सांगाचा ना, सायेब. आमी दिला असता. आठवड्यानं तुमी परत केला असता."

काशिरामने मान डोलावली. बाहेर कुणाच्या तरी घराचा पाया खणत होते. प्रमिलाने कागद आपल्याकडे ओढला आणि सही कुठं करायची ते विचारलं.